उतरलेल्या तापाची भीती

ताप चढला की माणसे भितात. मला ताप उतरला की भीती वाटते. शेजारच्या घरातून सकाळी कोणी आनंदाने सांगितले, "आज अंग गार आहे हो," की मी विचारतो, "कितवा दिवस?" लोकांना वाटते, इस्पितळातला माणूस आहे, सवयीने विचारतो.

ऐप्पसी, म्हणजे तमिळ आश्विन, पुन्हा लागला आहे. माझ्याजवळची मराठी पुस्तके पुण्यामुंबईकडची. त्यांत आश्विन उजाडला की पाऊस संपलेला असतो, आभाळ धुतलेले असते, चांदणे पडते. आमच्या तंजावरात तेव्हाच खरा पाऊस लागतो. चार चार दिवस सूर्य दिसत नाही. पाऊस कोसळतही नाही, नुसता चालू राहतो. धोतरे वाळत नाहीत. आई ती चुलीवरच्या दोरीवर टाकते, आणि मग दिवसभर माझ्या अंगाला धुराचा वास येत राहतो. गावाबाहेर कालवे काठोकाठ वाहतात, भाताची रोपे पाण्यात गुडघाभर उभी असतात. बाहेरगावचा माणूस म्हणेल, काय सुरेख हिरवे आहे. मला त्या हिरव्याकडे फार वेळ पाहवत नाही.

पूर्वी या दिवसांत आई पागोळ्यांखाली पितळेचे हंडे मांडायची. पावसाच्या पाण्यात तुरीची डाळ लोण्यासारखी शिजते आणि कॉफीला वेगळीच चव येते, असे आमच्या तंजावरी मराठी लोकांत मानतात. हंडे चिंचेने घासून लख्ख केलेले असत, तोंडाला फडके बांधलेले. ते फडके दिवसातून दहा वेळा सुटे. हाडमोड्या तापाचा, म्हणजे डेंगीचा, डास गटारात वाढत नाही, त्याला स्वच्छ, साठवलेले पाणी लागते, हे मला पुढे एका डॉक्टरांनी सांगितले. नगरपालिकेची माणसे येऊन हंडे उपडे करू लागली, तेव्हा आई त्यांच्यावर ओरडली होती, "अय्यो, घासलेल्या हंड्यांत कोठला डास? गटारें पाहा आधीं!" ते हंडे आता माळ्यावर आहेत.

मी इथल्या मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करतो. रसायन घेऊन बी.एस्सी. झालो, आणि माणसांशी फार बोलावे लागू नये म्हणून हे काम धरले. नळ्या बोलत नाहीत, असे मला तेव्हा वाटत असे.

मी सांगतो आहे ती ऐप्पसी पाच वर्षांपूर्वीची. त्यानंतरच्या पोंगलला लागूनच हिंदीविरोधी आंदोलन पेटले आणि कॉलेजे बंद पडली, म्हणून ते वर्ष सगळ्यांच्या लक्षात आहे. माझ्या लक्षात ते दुसऱ्या कारणाने आहे. त्या वर्षी मद्रासहून एक तरुण डॉक्टर आमच्याकडे आले. तिकडे हाडमोड्या तापाची साथ पाहून आले होते. डोळ्यांच्या मागे ठणका, सांधे मोडल्यासारखे दुखणे, पाच-सहा दिवसांचा ताप, आणि मग बहुतेक माणसे उठून घरी जातात. पण काही जात नाहीत. ती का जात नाहीत, याचा शोध त्यांना घ्यायचा होता. त्यांचा संशय यकृतावर होता.

त्यांनी मला समजावले ते असे. यकृताच्या पेशींत काही एन्झाइम असतात, ती आतच राहायची. पेशी फुटल्या की ती रक्तात गळतात. रक्तात ती किती आहेत ते मोजले, की न बघता कळते की आत किती पडझड झाली आहे. मोजायची रीत तेव्हा नवी होती. रक्तावरचे पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळे काढायचे, औषधात मिसळून अंगाइतक्या कोमट पाण्यात तासभर ठेवायचे, मग एक पिवळे द्रावण घालून थांबायचे, आणि शेवटी कॉस्टिक सोडा. सोडा पडला की नळीत तपकिरी रंग उमटतो. एन्झाइम जितके जास्त, तितका रंग गडद. तो रंग यंत्रात घालून आकडा काढायचा.

निरोगी माणसाची नळी जुन्या कागदासारखी दिसते. त्या ऐप्पसीत माझ्यापुढे गुळाच्या रंगाच्या नळ्या आल्या, मग चिंचेच्या कोळासारख्या.

डॉक्टरांनी तापाच्या प्रत्येक रोग्याचे रोज रक्त घ्यायला लावले. मी आलेखाच्या कागदावर दोन रेषा काढत असे, तांबड्या शाईने ताप, निळ्या शाईने एन्झाइम. दहाबारा कागद झाल्यावर मला एक गोष्ट दिसली. ती डॉक्टरांच्या आधी मला दिसली, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. पाचव्या-सहाव्या दिवशी तांबडी रेषा खाली येते. घरचे लोक नारळ फोडतात. आणि नेमकी तेव्हाच, ज्यांचे पुढे वाईट होते त्यांची निळी रेषा वर चढू लागते.

डॉक्टर कागद खिडकीकडे धरून बराच वेळ पाहत राहिले. मग तमिळमध्ये म्हणाले, "राव, हे फार महत्त्वाचं आहे. ताप उतरला म्हणून कुणाला घरी सोडायचं नाही. तुमची नळी काय सांगते ते आधी पाहायचं. रंग असा चढलेला दिसला, की मला जिथं असेन तिथून बोलवा. जेवत असलो तरी."

"बरं सार," मी म्हणालो.

तेव्हा माझी बायको यमुना घरी धडधाकट होती.

यमुना माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. मामांचे घर पापनाशमला, इथून कुंभकोणमच्या वाटेवर, आगगाडीने तासाभराच्या आत. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही रीतच आहे, म्हणून माझी आई तिची सासू होण्याआधी तिची आत्या होती. लग्नानंतरही ती आईला आत्याच म्हणे. तिची मराठी आमच्या घराण्यांतली जुनी, तमिळ हेल असलेली. मी पुस्तकातली मराठी बोललो की ती हसायची. "अहो, हें कोण बोललें? पुण्याचा पाव्हणा आला कीं?" तिला नागरी लिपी वाचता येत नव्हती, आईलाही येत नाही. दोघी तमिळच वाचणाऱ्या. मी वाचून दाखवायचो, ती भाजी चिरता चिरता ऐकायची, आणि एखादा शब्द अडला की "पोदुम, पोदुम," म्हणजे पुरे, म्हणून मला थांबवायची.

तिला ताप आला तो सोमवारी. डोळ्यांच्या मागे दुखते म्हणाली, तेव्हाच मला कळले. डॉक्टर घरी येऊन पाहून गेले. "घाबरू नका, घरीच राहू द्या, भरपूर पाणी पाजा. रक्त मात्र रोज काढा आणि तुम्हीच मोजा," म्हणाले.

मी रोज सकाळी काचेची पिचकारी उकळून तिच्या दंडाचे रक्त काढत असे. पहिल्या दिवशी माझा हात कापला. ती म्हणाली, "परक्यांना टोचतांना कांपत नाहीं, बायकोलाच काय तें?" संध्याकाळी घरी आलो, की अंथरुणावरून तिचा पहिला प्रश्न ठरलेला. नळीतला रंग कसा असतो ते मी तिला एकदा सांगितले होते आणि तिने त्याचे डिकाशन, म्हणजे कॉफीचा गाळलेला काळा अर्क, करून टाकले होते.

"आज डिकाशन कसें?"

"पातळ."

"पातळ म्हणजे? घरच्यासारखें कीं स्टेशनावरचें?"

"स्टेशनावरचे."

"मग मी जगतें," ती म्हणे. आई स्वयंपाकघरातून ओरडे, "यमुने, तोंडाला कांहीं मर्यादा!"

पहिले पाच दिवस डिकाशन खरोखर पातळ होते. मी खोटे सांगत नव्हतो. रात्री झोपताना मात्र मला ती निळी रेषा दिसत असे, सहाव्या दिवसावर येऊन थांबलेली, पुढचा कागद कोरा.

शनिवारी सकाळी तिचे अंग गार होते. आईने कपाळाला हात लावला, मग गळ्याला, मग पोटाला, आणि देवापुढे जाऊन दिवा लावला.

आमच्या घरी एक रीत होती. ताप सुटला की त्याच दिवशी सकाळी डोक्यावरून पाणी घालायचे. कडुलिंबाचा पाला घालून उकळलेले पाणी, मग मिरीचे रसम आणि मऊ भात. न्हाऊन दिवस कोरडा गेला, म्हणजे ताप परत आला नाही, की माणूस दुखण्यातून उठले. आणि न्हालेल्या दिवशी त्या अंगाला सुई, सुरी, वस्तरा काही लावायचा नाही. आलेल्या बऱ्या दिवसाला जखम होते म्हणतात. माझे आजोबा, माझे वडील, सगळे तापातून असेच उठले. तापाने गेले तेही असेच न्हाले असतील, पण त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

यमुना न्हाण्याच्या आधीच मी तिचे रक्त काढले. पिचकारी उकळून काढली होती, पण घाईत नीट कोरडी केली नव्हती. आत पाण्याचा अंश राहिला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, सीरमला लाली येते, आणि आकडा खोटाच वाढतो. हा आमच्या कामातला पहिला धडा. लाल सीरम आले तर ते फेकायचे, वहीत 'रद्द' लिहायचे आणि नवे रक्त घ्यायचे.

यमुनाचे सीरम किंचित लाल होते. उगवतीला आभाळ होते तेवढेच लाल. तरी मी ते लावले. तासभर नळी कोमट पाण्यात होती आणि मी खिडकीतून पाऊस पाहत होतो. मग पिवळे द्रावण, वीस मिनिटे, मग सोडा.

रंग एकदम आला. गूळ नाही, चिंच नाही. नळीच्या पलीकडचे माझे बोट मला दिसेना. यंत्राचा काटा टोकाला जाऊन टेकला. मी आकडा पेन्सिलीने लिहिला, त्यावर आडवी रेघ मारली आणि पुढे शाईने लिहिले : 'रद्द. सीरम लाल.'

नियमाप्रमाणे मी काही चुकीचे केले नव्हते. डॉक्टर त्याच मजल्यावर, वीस पावलांवर होते. त्यांच्या दारावरून मी गेलो. आत ते एका रोग्याच्या बापाशी बोलत होते. मी मनात म्हणालो, खराब नमुन्यासाठी कशाला बोलवायचे? घरी जाऊ, दुसरे रक्त काढू, खरा आकडा घेऊन येऊ. वाटेत छत्रीखाली मी तेच घोकत होतो. ओली पिचकारी, ओली पिचकारी.

घरी यमुना न्हाऊन बसली होती. केस वेताच्या उलट्या टोपलीवर पसरलेले, खाली धुपाची शेगडी. खोलीत ऊद आणि कडुलिंब यांचा वास भरलेला. तोंड जरा सुजल्यासारखे वाटले. म्हटले झोपेने असेल.

"दुसऱ्यांदा रक्त घ्यायचे आहे," मी म्हणालो.

आई पळी हातात घेऊन बाहेर आली. "न्हालेल्या अंगाला सुई? रामू, तुला वेड लागलें कीं? उद्यां सकाळीं घे. आज नाहीं."

"आत्या, टोचूं द्या कीं, सवय झाली," यमुना म्हणाली.

"तूं गप्प बैस. ताप जाऊन चार घटका झाल्या नाहींत."

मला हट्ट धरता आला असता. आई रागावली असती, दोन दिवस बोलली नसती, एवढेच. मी हट्ट धरला नाही. त्या नकाराने मला बरे वाटले, हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे. दुसरी नळी पाहायला मी भीत होतो, आणि आईने माझी भीती रीतीच्या नावाने झाकून दिली.

मग यमुनाने विचारलेच. "आज डिकाशन कसें?"

"पातळ," मी म्हणालो.

"मग उद्यां मला खरी कॉफी पाहिजे. पांच दिवस तुमच्या आईचें रसम पिऊन मी मिरीचा दाणा झालें आहें."

रविवारी सकाळी तिचे तळपाय बर्फासारखे होते. ताप नव्हताच. उजव्या बरगडीखाली हात दाबून ती सारखी कूस बदलत होती, आणि दात घासताना थुंकीत रक्त आले. आम्ही जटका बोलावला. पावसात घोडा चालेना. ती माझ्या खांद्यावर डोके टेकून म्हणाली, "मला ताप नाहीं, तरी कां नेतां?" मला उत्तर माहीत होते. मी दिले नाही. इस्पितळात डॉक्टर धावत आले, सलाईन लावले, रात्रभर बाकावरून हलले नाहीत. सोमवारी दुपारी, पाऊस थोडा उघडलेला असताना, ती गेली. सहाव्या दिवसाच्या पुढचा कागद कोराच राहिला.

माणूस गेल्यावर पहिल्या दिवसांत दुःख होते असे म्हणतात. मला फक्त भीती वाटत होती. कोणी वही उघडेल याची.

दहाव्या दिवसानंतर मी कामावर गेलो, तेव्हा वही डॉक्टरांच्या टेबलावर होती. त्यांनी पान उघडून त्या आडव्या रेघेवर बोट ठेवले. रेघेखालचा पेन्सिलीचा आकडा वाचता येत होता. ते हळू बोलले. "राव, सीरम किती लाल होतं?"

"थोडे."

"थोड्या लालीनं आकडा थोडा वाढतो. इतका नाही." त्यांनी वही मिटली. "ती वाचली असती असं मी म्हणत नाही. अशी दोन माणसं माझ्या हातात असूनही गेली आहेत. पण एक दिवस मिळाला असता. तुम्ही मला का बोलावलं नाही?"

मी सांगितले नाही. मलाच नीट सांगता आले नसते. त्यांनी पुन्हा विचारले नाही. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली.

तेराव्याला मामा पापनाशमहून आले. जेवणे झाली, माणसे ओसरीवर बसली होती, आणि सगळ्यांदेखत ते आपल्या बहिणीला, माझ्या आईला म्हणाले, "ताप गेला त्याच दिवशीं पाणी घातलेंस. ओल्या केसांनीं मारलेंस माझ्या पोरीला. यापुढें तुझें माहेर नाहीं."

आईलाही तसेच वाटत होते. ती खांब धरून उभी होती. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. पाण्याने काही झाले नाही, पाण्याच्या आधीच सगळे झाले होते आणि ते मी डोळ्यांनी पाहिले होते, एवढे एक वाक्य बोलायचे होते. ते मी बोललो नाही. मामा छत्री घेऊन उतरून गेले.

आमच्याकडे पोंगलला भाऊ बहिणीला सीर पाठवतो. पानांसकट ओल्या हळदीचे रोप, ऊस, नवा तांदूळ. माझ्या लहानपणापासून पापनाशमहून दर पोंगलला सीर येत असे आणि आई ते सगळ्या गल्लीला दाखवत असे. त्या वर्षी आले नाही. पुढच्या वर्षीही नाही. पोंगलच्या दिवशी आई दुपारपर्यंत काही ना काही कारण काढून दारात जाई. रांगोळी पुसली का पाहते, म्हणे. मामांच्या मुलाची मुंज झाली, ती आम्हांला भांडी विकणाऱ्या बाईकडून कळली. आईने त्या दिवशी गोड केले आणि खाल्ले नाही.

पाच वर्षे मी हे पाहिले. पुस्तके वाचली, नळ्या मोजल्या, आईला औषधे आणून दिली, ती म्हणेल ते सगळे केले. एक तेवढे केले नाही. भीती एकदा घरात राहायला आली की तिच्या वेळा ठरतात. माझी भीती संध्याकाळच्या कॉफीला येऊन बसायची. आई पेला पुढे ठेवायची आणि मला वाटे, आता विचारील.

तिने कधीच विचारले नाही.

या ऐप्पसीत इस्पितळ पुन्हा तापाने भरले आहे. पंधरवड्यापूर्वी तिथे एक बाई होती, ओरत्तनाडुकडच्या एका खेड्यातली, यमुनाच्या वयाची. सहावा दिवस, अंग गार, नवरा बैलगाडी घेऊन दारात उभा. तिची नळी माझ्या हातात होती. सीरम किंचित लाल आणि रंग तोच. क्षणभर माझा हात खरेच पेनाकडे गेला, रेघ मारायला. मग मी नळी घेऊन पळत सुटलो. वॉर्डात जाऊन नवऱ्यापुढे हात आडवे केले. तो म्हणाला, "सामी, हिला ताप नाही, पाहा ना हात लावून!" आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. नर्स सांगतात, मी रडत होतो. तिला ठेवून घेतले. आठ दिवसांनी ती चालत गाडीत चढली. सगळ्याच जणी चढत नाहीत, ही चढली.

ती गेली त्या संध्याकाळी आईने पेला पुढे ठेवला. मी म्हणालो, "आई, यमुना पाण्याने गेली नाही."

मग सगळे सांगितले. नळी, रेघ, वीस पावले, आणि "पातळ" म्हणालो ते. आई उभ्याने ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने विचारले, "पाणी घालायच्या आधीं तुला ठाऊक होतें?"

"नाही. पाणी घातल्यावर दुपारी कळले. पण बिघाड पाण्याच्या आधीचा होता. रक्त आधी काढले होते."

"आणि तेराव्याला ठाऊक होतें?"

"होते."

ती खाली बसली. मला वाटले रडेल. ती रडली नाही. "पांच वर्षें," म्हणाली. "पांच वर्षें मी माझे हे हात पाहतें आहें, रामू. दादा सर्वांदेखत बोलला, तेव्हां तूं माझ्या शेजारीं होतास." मग म्हणाली, "तुझें दुःख तुला. तूं भ्यालास, तेंही समजतें. पण माझें माहेर तूं कां घालवलेंस?"

बाहेर पाऊस लागून राहिला होता.

"पापनाशमला जा," ती म्हणाली. "चिठ्ठी नको. तोंडानें सांग. मी येणार नाहीं."

काल सकाळच्या पॅसेंजरने मी गेलो. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली शेते, मधून गाडी सावकाश. तासाभराची वाट, पण मला ती संपूच नये असे वाटत होते. प्रत्येक स्टेशनावर उतरून परत फिरावे असे मनात येई. मामा दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर बसले होते. फार वाळले आहेत. मला पाहून उठले नाहीत.

"तिनें पाठवलें कीं?"

"हो."

"मग आल्या पावलीं जा."

"मामा, सांगून जातो."

त्यांनी बाजूला सरकून जागा केली. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितले, पावसात, छत्री मिटून, कारण हातांना काहीतरी धरायला हवे होते. एकही गोष्ट सोडली नाही. मध्ये त्यांनी एकदाच विचारले, "शेवटीं तिनें काय मागितलें होतें?" मी म्हणालो, "कॉफी." ते समोरच्या घराकडे पाहत राहिले.

सांगून संपले. मला वाटले मारतील. मारले असते तर बरे झाले असते. मग ते आत वळून मोठ्याने म्हणाले, "तंजावरची गाडी कितीला आहे? माझें उपरणें द्या." आतून मामींचा आवाज आला, "एवढ्या पावसांत? कोठें?"

"अक्काकडे," मामा म्हणाले. माझ्या आईला ते लहानपणापासून अक्का म्हणत. आई मोठी, पण घरात सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून तीही दादाच म्हणते.

ते पुढे चालत होते, मी चार पावले मागे. वाटेत बाजारात थांबून त्यांनी पानांसकट ओल्या हळदीचे रोप विचारले. दुकानदार हसला, "आता कुठली हळद? पोंगलला या." मामांनी मान हलवली आणि पुढे निघाले. माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. स्टेशनात खिडकीशी उभे राहून त्यांनी तंजावरचे तिकीट काढले.

एकच.